आजोबांची पलटण कोणती होती? जुन्या वर्दीवरून माग कसा काढावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतल्या माणसाचा एक जुना फोटो असतो. काचेच्या आत ओल शिरलेली, कडा पिवळ्या पडलेल्या, पण माणूस अजून ताठ उभा. हे कोण म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, ‘पणजोबा. मिल्ट्रीत होते, जर्मनच्या लढाईला गेले होते.’ पुढं विचारलं की घर गप्प होतं. पलटण कोणती, कंपनी कोणती, लढले कुठं, परत कधी आले, हे सांगणारी पिढी आता राहिलेली नाही.

तरीही यातलं बरंच काही अजून हाती लागू शकतं, आणि त्यासाठी इतिहासाचा अभ्यासक असावं लागत नाही. वर्दी नीट बघायची सवय लावून घ्यावी लागते. ऐकीव गोष्टीत गावांची नावं बदलतात, एका भावाचा पराक्रम दुसऱ्याच्या नावावर जातो, शिपायाचा सुभेदार होतो. खांद्यावरचा पितळी अंक, बाहीवरची फीत आणि छातीवरचं पदक मात्र ज्या दिवशी अंगावर चढलं त्या दिवसाचीच साक्ष देतं. म्हणून घरच्या सैनिकाचा इतिहास लिहायला बसाल तेव्हा सुरुवात वर्दीपासून करा आणि ऐकलेल्या गोष्टी तिच्याशी ताडून पाहा.

आधी माणसं, मग ट्रंक

पहिलं काम कपाट उघडण्याचं नव्हे. घरातल्या आणि भावकीतल्या सर्वांत वयस्कर माणसांकडे बसा, विशेषतः बायकांकडे. पत्रं कधी यायची, मनिऑर्डर कुठून यायची, पेन्शन आणायला कोणत्या गावाला जावं लागे, हे त्यांना आठवतं. ‘त्यांच्याबद्दल सांगा’ असं मोघम विचारू नका. नेमकं विचारा: भरती कुठं झाली? बरोबर गावातलं कोण गेलं होतं? परत आले तेव्हा डोक्यावर काय होतं, फेटा की टोपी? बसरा, बगदाद, केरेन, टोब्रुक, इटली, ब्रह्मदेश यांतलं कोणतं नाव कधी कानावर आलं होतं? एकाच गावातली मुलं पुष्कळदा एकाच भरतीत आणि एकाच पलटणीत जात. त्यामुळे शेजारच्या घरातला धागा तुमच्याही उपयोगी पडतो.

त्यानंतर ट्रंक. डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक, जुनी पोस्टकार्डं, बक्षिसाची सनद, पदकांची डबी, पट्ट्याचं बक्कल, बिल्ले, एखादं पितळी बटण. लढाईतल्या कामगिरीबद्दल काहींना जमीन किंवा जंगी इनाम मिळालं होतं. तसं काही असेल तर जुने सातबारा आणि फेरफार पाहा. डिस्चार्जचा कागद मिळाला तर निम्मं काम झालंच, कारण त्यावर सैनिकाचा नंबर असतो. नावापेक्षा हा नंबर मोलाचा. एका पलटणीत एकाच नावाचे चार-चार शिपाई सापडतील, पण एका नंबरचा माणूस एकच.

कागद वाचताना जिल्ह्याच्या नावापाशी सावध राहा. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. उलट सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं होती आणि आटपाडी औंध संस्थानात होती. त्यामुळे विट्याजवळचा शिपाई लष्करी दप्तरात साताऱ्याचा म्हणून सापडेल, तर मिरजेकडचा एखाद्या संस्थानाच्या नावाखाली. ‘आमच्या गावाचं नाव सांगलीत दिसत नाही’ म्हणून निराश होणाऱ्यांनी आधी साताऱ्यात शोधावं.

पलटणीचा अंक: पहिली किल्ली

आपल्या भागातले बहुसंख्य सैनिक मराठा पलटणींत गेले. या पलटणींचे अंक वेळोवेळी बदलले. ते एकदा समजून घेतले की फोटो बोलू लागतो.

सर्वांत जुनी ती जंगी पलटण. ती १७६८ साली मुंबई सरकारच्या शिपायांची दुसरी बटालियन म्हणून उभी राहिली. पुढच्याच वर्षी आणखी एक पलटण आली, जी पुढं ‘काली पांचवी’ या नावानं ओळखली गेली. लाल कोटाच्या जमान्यात तिच्या कॉलरची आणि बाहीच्या टोकाची पट्टी काळी होती. बलुचिस्तानात काहूनचा किल्ला १८४० साली या पलटणीच्या लोकांनी लढवला आणि त्या मोहिमेतल्या कामगिरीबद्दल १८४१ साली तिला ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला.

पहिल्या महायुद्धात या पलटणींचे अंक तीन आकडी होते. १०३, १०५ आणि ११० या मराठा लाइट इन्फन्ट्री, तर ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी. १९२२ च्या फेररचनेत या सगळ्यांची मिळून ‘५वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही एक रेजिमेंट झाली आणि तिचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला आलं. जुनी १०३ झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ झाली दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन. कागदावर हे १/५, २/५, ३/५ असं लिहिलेलं असतं. वरचा अंक बटालियनचा, खालचा पाच रेजिमेंटचा. दुसऱ्या महायुद्धानंतर हा पाच गळाला.

याचा साधा अर्थ असा: खांद्यावर किंवा पदकावर तीन आकडी अंक दिसला तर माणूस १९२२ च्या आधीचा. तिरकी रेघ देऊन पाच दिसला तर १९२२ ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटापर्यंतचा. नुसतं ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ असेल तर बहुधा त्यानंतरचा.

तिसऱ्या बटालियनची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती छत्रीधारी झाली आणि १९५२ पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यामुळे ‘आजोबा मराठात होते, मग फोटोत मरून बेरे कशी?’ असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा इथं सापडेल.

फोटो वाचताना

फोटो भिंतीवरून उतरवून दिवसाउजेडी, भिंगाखाली पाहा. डोक्यापासून पायापर्यंत क्रमानं जा आणि दिसेल ते लिहीत जा. अर्थ नंतर लावता येतो.

बिल्ल्यात बिगूल दिसला तर तो लाइट इन्फन्ट्रीचा. बिगुलावर मुकुट असेल तर फोटो १९५० च्या आधीचा. २६ जानेवारी १९५० पासून मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. एवढ्या एका खुणेनं फोटोचा काळ अलीकडचा की पलीकडचा, हे ठरतं.

बाहीच्या वरच्या भागावर बाणाच्या टोकासारखी एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. काहीच नसेल तर शिपाई. खांद्यावर एक तारा जमादाराचा, दोन सुभेदाराचे. सुभेदार मेजरला इंग्रजांच्या काळात मुकुट होता, आता सिंह आहेत. ‘जमादार’ हा हुद्दा १९६५ पासून ‘नायब सुभेदार’ झाला, तेव्हा जुन्या कागदावरचा जमादार वाचून बुचकळ्यात पडू नका. कोपराच्या खाली दिसणाऱ्या फिती मात्र हुद्द्याच्या नसतात. त्या चांगल्या वर्तणुकीच्या, परदेशातल्या नोकरीच्या किंवा जखमेच्या खुणा असतात. घरोघरी शिपायांना बढत्या मिळालेल्या आहेत, त्या या फितींमुळे.

कमरेचा पट्टा पाहा. पहिल्या महायुद्धाच्या काळातला पट्टा चामड्याचा, काडतुसांच्या खिशांसह खांद्यावरून तिरका आलेला दिसतो. रुंद, जाड विणीचा कापडी पट्टा आणि पितळी बक्कल असेल तर तो १९३७ नंतरचा नमुना, म्हणजे बहुतेक दुसरं महायुद्ध. गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या लांब पट्ट्या जुन्या काळाची खूण. अंगात जाड लोकरी कोट आणि विजार असेल तर इटलीची थंडी आठवा. ब्रह्मदेशातल्या पलटणींना १९४३ नंतर जंगली हिरवी वर्दी मिळाली.

दंडावर कापडी चिन्ह असेल तर ते डिव्हिजनचं. लाल गरुड म्हणजे चौथी भारतीय डिव्हिजन, काळ्यावर लाल गोळा म्हणजे पाचवी, क्लोव्हरची पानं म्हणजे आठवी आणि झुंजीचा कोंबडा म्हणजे तेविसावी. इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत ३/५ मराठा पाचव्या डिव्हिजनमध्ये होती. इटलीत १/५ आठव्या डिव्हिजनमध्ये होती. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांना थोपवणारी ४/५ तेविसाव्या डिव्हिजनची.

दोन फसव्या गोष्टी लक्षात ठेवा. पहिली: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोंच्या काचा लाल रंगाला बधिर होत्या. लाल कापड त्यांत जवळजवळ काळं येतं आणि निळं फिकट येतं. पदकाची फीत काळी दिसते म्हणजे ती काळी होती असं नव्हे. दुसरी: पदकं डाव्या छातीवर लावतात. फोटोत ती उजव्या छातीवर दिसली तर फोटो उलटा छापला गेला असेल, किंवा फोटोतला माणूस स्वतः सैनिक नसून वडिलांची पदकं लावून उभा राहिलेला मुलगा असेल. शर्टाची बटणं आणि खिसे पाहिले की उलगडा होतो.

पदकाची कड: सर्वांत खरा कागद

माझ्या मते कुठल्याही घरातला सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या पदकाची कड. त्या युद्धाची तीन पदकं आपल्याकडे आढळतात. पहिलं चार टोकांचं काशाचं, १९१४-१५ चं स्टार. दुसरं गोल चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल. तिसरं गोल, सोनेरी झाक असलेलं व्हिक्टरी मेडल, ज्याची फीत इंद्रधनुष्यासारखी असते. गोल पदकांच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीवर रोमन लिपीत सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घ्या, पदक खिडकीपाशी तिरपं धरा आणि हळूहळू फिरवा. झिजलेली अक्षरंही सावलीत उठून दिसतात. एक-एक अक्षर जसं आहे तसं उतरवून घ्या, चुकीचं वाटलं तरी.

आता याचा अर्थ कसा लावायचा, ते एका उदाहरणावरून बघू. समजा पदकावर ११० मराठा लाइट इन्फन्ट्री आहे आणि डबीत १९१४-१५ चं स्टारही आहे. हे स्टार मिळायला १९१५ संपायच्या आत युद्धभूमीवर पोहोचलेलं असावं लागे. ११० वी त्या काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये लढत होती. १०३ आणि ११७ याही तिथंच. जनरल टाउनशेंडची ही फौज डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर कुट-अल-अमारा इथं वेढली गेली. जवळपास पाच महिने वेढा चालला, अन्न संपलं, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. तेव्हा ११० व्या पलटणीच्या शिपायाच्या घरी ते स्टार असेल, तर तो कुटच्या वेढ्यात असण्याची शक्यता मोठी आहे.

त्याच पलटणीची गोल पदकं आहेत पण स्टार नाही, असं असेल तर चित्र वेगळं. कैदेत गेलेल्या पलटणींच्या जागी त्याच अंकांच्या नव्या पलटणी उभारल्या गेल्या. हा शिपाई बहुधा त्या नव्या भरतीतला. एका धातूच्या तुकड्यावरून दोन अगदी निराळी आयुष्यं वेगळी करता येतात, ती अशी. मात्र स्टार विकलं किंवा हरवलं गेलं असू शकतं, म्हणून ‘शक्यता’ हा शब्द सोडू नका.

कड आणि स्टार यांच्याबरोबर पलटणीचा प्रवास जोडा. १०५ वी १९१८ साली पॅलेस्टाइनमध्ये होती. ११४ व्या पलटणीनं ऑक्टोबर १९१८ मध्ये शारकातच्या लढाईत नाव कमावलं, आणि शारकात हे नाव रेजिमेंटमध्ये आजही अभिमानानं घेतलं जातं. चांदीऐवजी काशाचं वॉर मेडल निघालं तर तो माणूस शिपाई नसून फौजेबरोबरचा कामकरी असावा. पाणक्या, खेचरवाला, मजूर यांच्याशिवाय एकही पलटण हललेली नाही. तेव्हा ही माहिती लपवू नका, तितक्याच मानानं लिहा.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नाव असेलच असं नाही. तिथं फितीचे रंग मदतीला येतात. लाल-पांढरी-हिरवी फीत इटली स्टारची. मातकट रंगावर मधोमध लाल आणि बाजूला निळे पट्टे असतील तर आफ्रिका स्टार. आफ्रिका आणि इटली दोन्ही असतील तर ३/५ चा विचार करा, कारण ती पलटण इरिट्रियातल्या केरेनपासून इटलीच्या डोंगरांपर्यंत लढली. याच पलटणीतल्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १/५ च्या नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर केलेल्या कामगिरीबद्दल हाच मान मिळाला. घरात ‘आजोबा इटलीच्या कैदेत होते’ असं सांगत असतील तर २/५ तपासा. ती पलटण २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडलं तेव्हा तिथं होती.

बाहेरची दप्तरं

घरातली माहिती एका पानावर मांडून झाली की मगच बाहेर पडा. आधी आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय, सातारा किंवा सांगली. माजी सैनिक आणि त्यांच्या वारसांची नोंद तिथं असते आणि अर्ज कुठं करायचा तेही तिथं सांगतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. पत्र पाठवताना सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, भरतीचं आणि निवृत्तीचं अंदाजे साल, तुमचं नातं, एवढं लिहा आणि कागदांच्या प्रती जोडा. सगळ्यांचीच फाईल हाती लागेल असं नाही, विशेषतः पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची.

युद्धात मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नामावली शोधा. ती इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. पुष्कळ नोंदींत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. ही नामावली फक्त मृतांची आहे, आणि तीही ठरावीक मुदतीतल्यांची: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. जिवंत परतलेल्याचं नाव तिथं शोधण्यात वेळ घालवू नका. शोधताना नावाची चार-पाच स्पेलिंगं करून पाहा. साहेबाच्या कारकुनानं जाधव, शिंदे, पवार, घोरपडे कसे लिहिले असतील याचा नेम नाही. आडनावानं जमलं नाही तर नंबरानं शोधा.

इराकमध्ये पडलेल्या बहुतेकांची नोंद बसरा स्मारकावर आहे. या स्मारकावर ४० हजारांहून अधिक लोकांची नोंद आहे. मात्र भारतीय अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली गेली आणि साध्या शिपायांचा त्यांच्या पलटणीखाली केवळ आकडा दिला गेला. त्यांची नावं नोंदवहीत आहेत, तीच आता नामावलीत सापडतात. आपल्या गावच्या शिपायाचं पूर्ण नाव मराठीत लिहून ठेवणं ही त्या आकड्याची भरपाई आहे, आणि ती आपणच करायची आहे.

पलटणीनं कोणत्या दिवशी काय केलं याची रोजनिशी, म्हणजे वॉर डायरी, लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जपलेली आहे. त्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या आठवड्यात पलटण कुठं होती, पाऊस होता की ऊन, किती माणसं जखमी झाली, हे कळतं. पलटणीचा सलग इतिहास हवा असेल तर एम. जी. अभ्यंकर यांचा ‘व्हॅलर एन्श्राइन्ड’ हा ग्रंथ जवळ ठेवा. तो १७६८ ते १९४७ पर्यंतचा आहे.

आणि गावातली शिळा विसरू नका. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं अनेक गावांत दगडी फलक बसवले: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले. साताऱ्याजवळचं अपशिंगे आज ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. तुमच्या गावातला फलक चावडीच्या, जुन्या शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत असेल, कदाचित चुन्याखाली गेला असेल. त्याचा फोटो घ्या, पण घासूनपुसून रंग भरू नका. आकडा मिळाला की तो ध्येय ठरतो: तेवढी नावं जमवायची.

प्रत्येक वर्दी मराठा पलटणीची नसते

शोधात दुसरं काही निघालं तर ते आधीच्या समजुतीत बसवू नका. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, त्यामुळे मिरज-तासगावकडच्या मुसलमान कुटुंबांनी याच वाटेनं शोध घ्यावा. महार समाजाची लष्करी परंपरा जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद करण्यात आली. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या भीमरावाचं, म्हणजे डॉ. आंबेडकरांचं, नाव तिथल्या शाळेत दाखल झालं, ते याच काळात. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा जयस्तंभ होता, पुढं मशीनगन आल्या. तिचं अभिलेख कार्यालय मध्य प्रदेशात सागर इथं आहे. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, तोफखाना, रसद दल इथंही आपली माणसं होती.

आणखी एक फौज आपल्या दोन जिल्ह्यांचीच आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना १९४३ ते १९४६ या काळात कुंडल परिसरात उभी राहिली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड हे तिचे म्होरके. ७ जून १९४३ रोजी शेणोलीला पगाराची आगगाडी अडवली गेली, ती याच मंडळींच्या हातून. इथला ‘कॅप्टन’ हा तुफान सेनेतला हुद्दा आहे. तो इंग्रजी लष्कराच्या यादीत शोधू नका. या सैनिकांचा पुरावा पदकाच्या कडेवर सापडणार नाही. तो स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या कागदांत, खटल्यांच्या नोंदीत आणि १९७२ च्या ताम्रपटात शोधावा. एका ट्रंकेत इटली स्टार आणि ताम्रपट दोन्ही निघाले तर गोंधळून जाऊ नका. पोटासाठी सरकारच्या पलटणीत गेलेला एक भाऊ आणि त्याच सरकारविरुद्ध उभा ठाकलेला दुसरा, हे दोघंही त्या घराचेच. दोघांची पानं स्वतंत्र लिहा, एकाला मोठं करण्यासाठी दुसऱ्याला पुसू नका.

जपणूक

पदकाला चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नका. घासण्यानं चमक येते आणि कडेवरची अक्षरं जातात. जुनी फीत जीर्ण झाली तरी फेकू नका, नवीबरोबर तीही ठेवा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा किंवा सरळ वरून फोटो घ्या. मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का आणि शहराचं नाव तिथंच असतं. फोटो लॅमिनेट करू नका. मागे लिहायचं असेल तर पेन्सिलीनं, हलक्या हातानं. वर्दीचं कापड धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या लोकरी कोटाला बुरशी येते. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. पदकं विकायला मागणारा दारात आला तर आधी सगळ्या कडांचे फोटो काढून ठेवा, आणि मग शक्यतो त्याला हात हलवत परत पाठवा.

शाळेतल्या कार्यक्रमासाठी वर्दी शिवताना

२६ जानेवारीचा चित्ररथ, शाळेचं नाटक, गावच्या यात्रेतली मिरवणूक यांत ‘जुना सैनिक’ दाखवायची हौस स्तुत्य आहे. ती नीट पुरी करा. १९१५ चा मराठा शिपाई दाखवायचा तर खाकी सुती सदरा, सैल खाकी हाफ पँट, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या, काळे बूट, डोक्याला खाकी फेटा आणि चामड्याचा पट्टा पुरेसा आहे. त्याच्या डोक्यावर मावळ्याची पगडी ठेवू नका, बेरेही नको. आजचा हिरवा-लाल तुरा आणि सिंहाचा बिल्ला त्याच्या अंगावर चुकीचा. १९४४ चा शिपाई दाखवायचा तर रुंद कापडी पट्टा आणि घोट्यावरच्या आखूड पट्ट्या आल्या.

बाजारात मिळणारी छापील ठिपक्यांची लष्करी कापडं वापरू नका. भारतीय लष्कराचा १५ जानेवारी २०२२ रोजी दाखवला गेलेला नवा नमुना तर नागरिकांना विकण्यावर आणि वापरण्यावर बंदी आहे. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी वर्दी घालणं हा गुन्हाच आहे. आजोबांची खरी पदकं मुलाच्या सदऱ्यावर लावून मिरवणुकीत पाठवू नका. वारसानं ती लावायचीच तर उजव्या छातीवर, असा रिवाज आहे.

लिहावं कसं

एवढं झालं की चार पानं लिहा. वीस पानांचा गौरवग्रंथ नको. पहिल्या पानावर सैनिकाचं पूर्ण नाव, नंबर, हुद्दा, पलटण, गाव, भरती आणि निवृत्तीचं साल. दुसऱ्यावर फोटोचं आणि पदकांचं जसं दिसतं तसं वर्णन. तिसऱ्यावर पलटणीचा त्या काळातला प्रवास. चौथ्यावर घरातल्या आठवणी, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि सांगितल्याच्या तारखेसह. जे कागदावर दिसलं आणि जे ऐकलं त्यांची सरमिसळ करू नका. ‘सुभेदार होते असं घरात सांगतात, पदकावर नाईक आहे’ असं सरळ लिहा. नाईक असण्यात काहीही कमी नाही. वाळवंटात पाच महिने उपाशी राहून मोर्चा धरणाऱ्याला आपल्या खोट्या बढतीची गरज नाही.

त्याच्या कंपनीतले, त्याच्याच भरतीतले गावचे इतर लोक सापडले तर त्यांचीही एकेक ओळ जोडा. एका घरापासून सुरू झालेलं काम असं गावाच्या फलकापर्यंत पोहोचतं. या चार पानांच्या तीन प्रती काढा: एक घरी, एक गावच्या शाळेत, एक ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात. हे काम करायला सुट्टीची किंवा निवृत्तीची वाट पाहू नका. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बॅगेत एक भिंग, एक वही आणि पेन्सिल टाका, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे आधी जाऊन बसा.